सहा वह्यांचे गुलाब

कॅम्प शेझार, अलेक्झांड्रिया
१२ जानेवारी २०२४

सुहैर,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर एकच करडी खूण दिसते, म्हणजे माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस. चोपन्न वर्षांची झाले तरी एवढं मला कळतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. तुझ्या मैत्रिणीची, नेव्हीनची आई परवा लेकीच्या बाळंतपणाला कुवेतला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. पाकिटावर नेहमीसारखी नक्षी कापलेली नाही. माझी कलाकुसर तुला सध्या बघवायची नाही.

तू पाठवलेला फोटो पाहिला. नेव्हीनच्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, काचेच्या घुमटाखाली कागदी गुलाब. माझ्याच दुकानातला. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला, देठाला हिरवा क्रेप कागद गुंडाळलेला. बाहेरच्या पाकळीवर आईचं अक्षर, 'सुहैरला आज'. पुढचं सगळं आत गुंडाळलेलं. फोटोखाली तू एक शब्द लिहिला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी निदान भांडले तरी असते.

तर मान्य करते. वादळाचं मी खोटं सांगितलं. दीड वर्षापूर्वी उन्हाळ्यात तू आलीस, आईच्या सहा वह्या मागितल्यास. आईच्या सगळ्या वस्तूंतून तू तेवढंच मागितलं होतंस. बांगड्या नको, शिलाई मशीन नको, काही नको. आणि मी सांगितलं की फेब्रुवारीत करम नावाचं दरवर्षीचं वादळ आलं तेव्हा दुकानाच्या तळघरात पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला, उचलून फेकावा लागला. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि वर मलाच समजावलंस, "पाण्यापुढे तू काय करणार गं, ताई." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला खरंच वाईट वाटत होतं, हे खोटं समजू नकोस.

आता झालं ते असं. त्या वर्षी जुन्या पत्रांचे गुलाब फार चालले होते. दुकानात बिस्किटांची दोन खोकी होती, अगदी सारखी. एकात रद्दी, दुसऱ्यात आईच्या वह्या. चौदा फेब्रुवारी तोंडावर, बाहेर पाऊस, हाताला उसंत नाही. भलतंच खोकं ओढलं गेलं. चहात बुडवलेला कागद सगळा एकाच रंगाचा होतो, तुलाही ठाऊक आहे. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तुला तोंड कसं दाखवू या भीतीनं वादळाचं खोटं बोलले. नजरचूक झाली, सुहैर. नजरचुकीला फाशी देत नाहीत.

फोन उचल. निदान दार आपटल्यासारखा आपट, पण उचल.

तुझी ताई,
एनायात


२८ जानेवारी

सुहैर,

नेव्हीननं माझ्या पत्राचा फोटो पाठवला. 'नजरचूक' या शब्दाभोवती लाल शाईचा गोल आणि समासात तुझं अक्षर, 'ताई, खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.' शाळेतली मास्तरीण ती मास्तरीणच. दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. आता ही मला तपासणार! हिच्या शाळेच्या पाटीपासून कुवेतच्या तिकिटापर्यंत सगळं कुणी केलं? मग शुक्रवारी दुकान बंद ठेवून, सबंध दिवस काही न करता बसून राहिले आणि संध्याकाळी हे लिहायला घेतलं.

खोकी दोन नव्हती. एकच होतं, आणि मला ठाऊक होतं त्यात काय आहे.

पहिल्यापासून सांगते. जुन्या पत्रांचे गुलाब म्हणजे माझीच लबाडी होती. कोऱ्या कागदावर मी टाक घेऊन ओळी लिहायची, चहात बुडवायची, स्टोव्हशेजारी वाळवायची, की झालं आजोबांच्या काळातलं प्रेमपत्र. काय लिहिते हे कोण वाचणार? म्हणून समोर जे असेल ते उतरवून काढायची. बहुतेक वेळा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा कागद समोर असायचा. तीन वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. मग त्या जानेवारीच्या शेवटी चष्मेवाली एक पोरगी आली, गुलाब हातात फिरवून फिरवून वाचला आणि भर दुकानात म्हणाली, "काकू, यावर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं लिहिलंय! हे प्रेम आहे की औषध?"

दुकान नुसतं खदखदून हसलं. मी पण हसले. पण आपला स्वभाव तुला माहीत आहे, तोंडावरचं हसू आणि पोटातली आग एकाच वेळी. मी म्हटलं, "खरं हस्ताक्षर पाहिजे ना? देते. खरं, माणसाच्या हातचं, मनापासून लिहिलेलं. शहरात दुसरीकडे मिळालं तर मला सांग." पाचजणींनी तिथल्या तिथे नावं दिली. आठवड्याभरात शंभराच्या वर झाली.

त्या वर्षीची ३ फेब्रुवारी. दुपारचे दोन. वादळामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ट्रामसुद्धा थांबलेल्या. समुद्राच्या बाजूनं असा वारा की शटर अर्धं ओढून घ्यावं लागलं. दमट हवेत डिंक सुकत नव्हता, कार्डाच्या कडा वर उचलल्या जात होत्या. वह्यांचं खोकं माझ्या पायाशी होतं. मीच ते सकाळी घरातून आणलं होतं. म्हणजे बघ, ओढलं गेलं नव्हतं. आणलं होतं.

पहिलं पान काढलं तेव्हा हात थांबला, हे खरं. आई पेन्सिल किती दाबून लिहायची. पान उलटं करून बोट फिरवलं तरी अक्षर हाताला लागतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझ्याकडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला शिकली, तर जोर कशावर काढणार? पहिल्या पानाचा गुलाब केलाच नाही. त्याचं दुसरं काहीतरी केलं, आता आठवत नाही. मग दुसरं पान घेतलं. वाटी उपडी ठेवून गोल आखला. गोल कापला की चार कोपरे खाली पडतात, ते आपण खोक्यात चॉकलेटखाली भरायला वापरतो. मग कडेकडेनं आत कापत जायचं, गोगलगाईच्या पाठीसारखं. मग विणायच्या सुईवर बाहेरून गुंडाळत आणायचं. आईची ओळ कात्रीखाली येत होती आणि मी वाचत होते. वाचत होते, सुहैर, आणि कापत होते. पहिले पाच जड गेले. नंतर हात आपोआप चालला.

अकरा तारखेपर्यंत सहाही वह्या संपल्या. एकशे अकरा गुलाब. गिऱ्हाइकं खूश. ती चष्मेवाली पोरगी गुलाब दोनदा वाचून म्हणाली, "काकू, हे कुणी लिहिलंय हो?" मी म्हटलं, "आहे एक बाई."

का केलं ते आज विचारू नकोस. लाल शाईनं विचारलंस तरी नाही.

एनायात


६ फेब्रुवारी

सुहैर,

तुझा निरोप नेव्हीनकरवी मिळाला. 'एक तरी पान अख्खं आहे का?' एवढाच. मी हो म्हणू शकले असते तर आज स्वतः विमानात बसून आले असते, जन्मात विमानात बसले नाही तरी.

अख्खं पान नाही. पण मी शोधते आहे. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, 'दोन वर्षांपूर्वी येथून घेतलेला पत्राचा गुलाब परत आणा, हवा तो नवा घेऊन जा.' सबंध रस्त्याला वाटतं की एनायातला वेड लागलं. शेजारचा इस्त्रीवाला रोज विचारतो, "बाई, जुनी प्रेमं परत घेता म्हणे? आमचंही एक आहे, वीस वर्षं वापरलेलं." मी त्याला सांगितलं, तुझ्या बायकोला पाठव, तिला बदलून देते.

माणसं मात्र येताहेत. एकीनं गुलाब काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हा घ्या. ज्यानं दिला तो बाहेर गाडीत बसलाय, त्यालाही घ्या, दोन्हींच्या बदल्यात काहीतरी चांगलं द्या." एका पोरीचा साखरपुडा मोडला होता, तिनं गुलाब स्वयंपाकघरात जाळला, पण जाळण्याआधी काढलेला फोटो मला दाखवायला आली. एका आईनं मुलाच्या खोलीतून न विचारता आणला. तिच्याकडून मी घेतला नाही, मुलाला घेऊन या म्हटलं. तो आला, बारा मिनिटं लाजला आणि देऊन गेला. आजवर सतरा झाले.

घरी आणून मी ते उलगडते. किटलीच्या वाफेवर धरलं की तळचा डिंक सुटतो. मग कागदाची लांब वळवळती पट्टी होते, ती मी उशीखाली दाबून सपाट करते. वाचायचं म्हटलं तर ओळी तुटलेल्या. 'सुहैरला आज ताप.' 'मासळी आणली पण सुहैर.' 'सुहैर म्हणते आई तू.' तू काय म्हणालीस ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, फुलदाणीत आहे.

आता का ते लिहिते. लिहिलं नाही तर पुढची पानं शोधायचा मला काय अधिकार.

तू कुवेतला गेल्यावरही आई रोज लिहायची. दुपारी जेवण झालं की वही घ्यायची. मी खोलीत आले की वही उशीखाली. मी! जी चाळीस वर्षं तिचे सगळे कागद लिहीत आले, अर्ज, पत्रं, अब्बांच्या पेन्शनचे फॉर्म. तिला अक्षर नव्हतं तेव्हा तिचा हात मी होते. अक्षर आलं आणि माझ्यापासूनच लपवायला लागली. मी चिडवायची, "काय गं, कुणाला प्रेमपत्र लिहितेस? मला सांग, मी पाकीट बनवून देते." ती हसायची आणि उशीवर बसायची. मी पण हसायची. तुला सांगितलं ना, माझ्या हसण्यावर जाऊ नकोस.

ती गेली. तू चाळिसाव्या दिवसाला आलीस आणि तेव्हा पहिल्यांदा वह्या मागितल्यास. मी म्हटलं, वर्ष होईपर्यंत गेलेल्या माणसाची वस्तू घराबाहेर नेऊ नये, अशी रीत आहे. तशी रीत नाही. मी त्याच मिनिटाला बनवली. तू मान डोलावलीस, कारण रीतीभाती सांभाळणारी मी आणि पुस्तकं वाचणारी तू, असंच आपल्या घरात ठरलेलं होतं.

तू विमानात बसलीस आणि मी वह्या उघडल्या. चार दिवस, दुकानातून आल्यावर, ओळीवर बोट ठेवून वाचल्या. मी माझं नाव शोधत होते, सुहैर. तिनं काय लिहिलं असेल माझ्याबद्दल. चांगलं नको, निदान तक्रार तरी. एनायात तिखट बोलते, एनायात स्वयंपाकात मीठ जास्त घालते. काहीही. सहा वह्या. जुने दिवस आठवून, सगळे 'आज' म्हणून लिहिलेले. तुझा ताप, तुझी शाळा, तुझं लग्न, तुझ्या मुलाचा पहिला दात, जो तिनं फोनवरच पाहिला होता. माझ्याबद्दल एक ओळ नाही. मी लग्न केलं नाही, कारण घर चालवायचं होतं. सबंध अलेक्झांड्रियाला प्रेमाची कार्डं करून विकली, नोव्हेंबरात आपल्या इजिप्तच्या प्रेमदिनाला एकदा, फेब्रुवारीत जगाच्या प्रेमदिनाला एकदा. आणि माझ्या आईनं सहा वह्यांत मला एकदाही बोलावलं नव्हतं.

राग आला असं मी म्हणेन, पण खरं तर लहान पोरासारखं रडू आलं. रडले नाही. महिनाभरानं खोकं दुकानात नेलं.

हे असं आहे. तुझ्या लाल शाईला आता गोल करायला काही उरलेलं नाही.

एनायात


१० फेब्रुवारी

सुहैर,

एकोणीस पट्ट्या आज कुरियरनं पाठवल्या. जाड पुठ्ठ्यांत, मध्ये बटर पेपर घालून, म्हणजे एकमेकींना चिकटणार नाहीत. क्रम लावायचा प्रयत्न केला, जमला नाही. तू शिक्षिका आहेस, तुला जमेल.

नेव्हीन म्हणाली, तू मागचं पत्र तिच्या घरीच उभ्यानं वाचलंस आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलंस. तिनं तुला गुलाब देऊ केला तर तू नको म्हणालीस, "तो तुझ्या नवऱ्यानं तुला दिलाय." मी इथं लोकांच्या दारात उभी राहून गुलाब मागते आहे आणि तू हातात आलेला परत करतेस. आई म्हणायची तेच खरं, तुझ्यात आणि माझ्यात चांगुलपणा वाटताना तिचा हात तुझ्याकडे कलला.

कामाची गर्दी आहे. खोकी, रिबिनी, लाल बदाम. रोज दोनशे बदाम कापते आणि एकाचंही तोंड बघावंसं वाटत नाही.

एनायात


१५ फेब्रुवारी

सुहैर,

हे सावकाश वाच.

काल चौदा तारीख. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बरोबर अकरा वाजता लमई काका आले. तुला आठवतील, ट्रामवर कंडक्टर होते, लहानपणी आपल्याला तिकिटाशिवाय शेवटच्या थांब्यापर्यंत नेऊन परत आणायचे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण दर चौदा फेब्रुवारीला अकरा वाजता येतात, अंजेल काकूंसाठी कार्ड घेतात. गर्दीत काठी वर करून ओरडले, "एनायात बाई! पाटी वाचली. गुलाब नाही माझ्याकडे. पण पाकीट आहे."

मला काही समजेना. मी म्हटलं, "काका, पाकिटाचं काय?"

"अहो, दोन वर्षांपूर्वी मी चौदा तारखेच्या आधीच, वादळात आलो नव्हतो का? ट्राम बंद, चालत आलो. तुम्ही म्हणालात गुलाब करते, मी म्हटलं नको, गुलाबावर धूळ बसते आणि आमच्या बाईंना दमा. मग तुम्ही पाकीट केलंत. तसल्याच पिवळ्या कागदाचं, आत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं."

मला एकदम आठवलं. पहिलं पान. ज्याचा गुलाब मी केला नव्हता.

"कुठाय ते?"

"घरी. पण अंजेल ते घराबाहेर काढू देत नाही. तुम्हीच यावं लागेल, हवं तर संध्याकाळी..."

मी शटर ओढलं. चौदा फेब्रुवारीला, सकाळी सव्वाअकराला, पंचवीस गिऱ्हाइकांना बाहेर काढून. इस्त्रीवाला म्हणाला, आता खरंच वेड लागलं. काका पुढे आणि मी मागे, त्यांच्या काठीच्या चालीनं चालत तिसऱ्या मजल्यावर गेलो.

पाकीट रेडिओवर उभं होतं. चार कोपरे मध्यावर आणून मिटवलेलं आणि वर माझा लाल बदाम चिकटवलेला, जरा फिका झालेला. उघडलेलंच नव्हतं. मी विचारलं, "काकू, आतलं कार्ड वाचलं नाही?"

अंजेल काकू म्हणाल्या, "उघडलं तर कागद फाटला असता. यांनी सांगितलं तोंडी, आत काय आहे ते."

"काय सांगितलं?"

"ते तुला कशाला सांगू?" असं म्हणून म्हातारी लाजली. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

मी त्यांना सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत बाहेरच्या कुणालाही सांगितलं नव्हतं. काकूंनी मध्ये एकदाही 'अरे देवा' म्हटलं नाही, फक्त उठल्या आणि किटली ठेवली. वाफेवर मी पाकीट धरलं. काकांनी माझं मनगट धरलं. बदाम सुटला. एकेक कोपरा उघडला. आतलं कार्ड बाजूला ठेवलं आणि पान टेबलावर पसरलं.

अख्खं पान, सुहैर. वरपासून खालपर्यंत. एक अक्षर गेलेलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे अक्षर नाचत होतं, म्हणून काकूंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. 'सुहैर आज पहिल्यांदा शाळेत गेली. ती रडली नाही. मी रडले. पिशवीत भाकरी आणि उकडलेलं अंडं दिलं. भाकरी खाल्ली. अंडं परत आणलं.' ते अंडं मी खाल्लं होतं. जिन्यात, उभ्यानं, तुला शाळेतून घरी आणल्यावर. तुला आठवत नसेल, तू पाच वर्षांची होतीस.

मग काकू वाचायच्या थांबल्या, पान जवळ धरलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात वाचलं, "उम्म एनायात."

मी म्हटलं, "ती सही आहे. प्रत्येक पानावर करायची."

"प्रत्येक पानावर?"

"हो. तिचं नाव ते."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तिचं नाव बहिया होतं, पोरी. तीस वर्षं आम्ही एका बेकरीच्या रांगेत उभ्या राहिलोय. हे तिचं कसं? हे तुझं आहे."

काका म्हणाले, "पाणी दे तिला."

उम्म एनायात, म्हणजे एनायातची आई. पोस्टमन तीच हाक मारायचा, मासळीवाला तीच, अब्बासुद्धा तीच. ते नाव मी जन्मभर इतकं ऐकलं की त्यात मी आहे हे मला कधी ऐकूच आलं नाही. त्या चार दिवसांत ती सही मी शंभराहून जास्त वेळा पाहिली असेन. बोट शेवटच्या ओळीपर्यंत न्यायची आणि पान उलटायची. माझं नाव शोधत होते आणि माझ्याच नावावरून पान उलटत होते. तुला तर ठाऊक होतं. तू एकदा फोनवर सांगितलं होतंस, की पहिल्या धड्याला तू तिला 'बहिया' लिहायला शिकवत होतीस आणि ती म्हणाली, मला कोण ओळखतं बहिया म्हणून, माझं खरं नाव शिकव. आपण दोघी हसलो होतो. तिनं पहिल्यांदा जे लिहायला मागितलं ते काय होतं, ते मी ऐकून सोडून दिलं.

आणि गुलाब करताना कोपरे सगळ्यात आधी जातात. एकशे अकरा पानं. एकशे अकरा वेळा मी ते कापून खाली पाडलं, झाडूनं गोळा केलं आणि लोकांच्या चॉकलेटखाली भरलं. तुझ्या ओळी निदान गुंडाळून कुणाच्या तरी कपाटात आहेत. माझं त्याच रात्री सगळ्यांनी कचऱ्यात टाकलं असणार. मी तुझी वही नासली असं मला वाटत होतं. दोन वर्षं मी तुझ्याच नुकसानीसाठी झुरत होते, बघ.

पान काकूंनी मला दिलं. बदल्यात काही घेतलं नाही. मी नवं पाकीट करून देते म्हटलं तर म्हणाल्या, "नको, यांना सांगते, पुन्हा तोंडी सांगा."

आज सकाळी दुकान उघडलं नाही. आत बसून ते पान समोर ठेवलं. तू अख्खं पान मागितलं होतंस आणि हे अख्खं आहे. पण तो कोपरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे, सुहैर. वरच्या ओळींना त्याचा धक्काही लागत नाही. तुझ्या सगळ्या ओळी तुला मिळाल्या असत्या. मी छोटी कात्री घेतली, कोपरा दोन बोटांत धरला, पाती उघडली. मला तेवढं हवं होतं. आजवर मला कधी काही इतकं हवंसं वाटलं नाही.

कापलं नाही.

पान सोबत आहे. डिंक लावलेला नाही, बदाम लावलेला नाही, नुसता दोरा बांधला आहे. फोटो काढून ठेवलेला नाही, कारण ठेवला तर मी दुसरं काही काम करणार नाही. माफ कर असं लिहिणार होते, पण ते तुझ्यावर सोडते. फोन केलास तर उचलीन, नाही केलास तरी समजेन.

फक्त एवढंच कर. ते पान वाचशील तेव्हा शेवटपर्यंत वाच, आणि मोठ्यानं वाच.

एनायात